लावणाऱ्यानं तोडायचं नाही

मंडळी जेवायला येणार म्हणून थोरलीनं सकाळीच बाजारातून काकड्या आणल्या. परसात काकडीचा वेल मांडवावरून ओथंबून जमिनीला टेकला होता, आणि ही बाई पिशवी घेऊन काकड्या आणायला बाजारात गेली होती. भाजीवाल्याला तिच्या परसाची कल्पना नव्हती म्हणून बरं, नाहीतर काकड्यांवर त्यानं दोन टोमणेही फुकट घातले असते.

पिशवी ओट्यावर ठेवून ती मागच्या पायरीवर येऊन टेकली. स्वयंपाक व्हायचा होता, तरी टेकली. अलीकडे तिला या पायरीवर बसल्यावर वेळेचं भान राहत नसे. ऊन मांडवातून गाळून खाली यायचं, मधमाश्या भोपळ्याच्या फुलांत शिरून गुणगुणत राहायच्या, आणि तिचे डोळे धड मिटलेले नाहीत, धड उघडे नाहीत असे व्हायचे. मग वाफ्यांमधून माणसं हिंडू लागायची. सासूबाई वांग्यांपाशी वाकलेल्या. सासरे टोपी मागे सरकवून टोमॅटो चाचपताना. शाळेचा गणवेश घातलेली धाकटी नणंद चिमणी घेवड्याच्या वेलाआड लपून कच्च्या शेंगा खाताना. आणि हे, म्हणजे थोरला, काकडीच्या मांडवाखाली उभे राहून वर बघताना, तोंडानं काहीतरी पुटपुटत. ती नुसती बघत राहायची. हाक मारायची नाही, कारण हाक मारली की परस रिकामं होतं हे तिला अनुभवानं ठाऊक झालं होतं.

रिकामं म्हणजे माणसांनी रिकामं. बाकी परस इतकं भरलं होतं की पाय ठेवायला जागा नव्हती. काकड्या पिवळ्या पडून त्यांची पोटं सुटली होती. घेवड्याच्या शेंगा वेलावरच वाळून वाऱ्यासरशी खुळखुळत होत्या. टोमॅटो पिकले, फुटले, मातीत पडले आणि तिथंच पुन्हा उगवायला लागले होते. वांगी जून होऊन तपकिरी झाली होती. आणि या सगळ्यात औषधालासुद्धा तण नव्हतं. आळी स्वच्छ, काठ्या सरळ, सुतळीच्या गाठी नव्या. रोज पहाटे पाणी, रोज संध्याकाळी खुरपणी. बाईनं लावलं होतं, वाढवलं होतं, जपलं होतं, फक्त तोडलं नव्हतं.

कारण या घरात लावणाऱ्यानं तोडायचं नाही.

हा नियम सासूबाईंचा. त्याला एक भोपळा कारण झाला होता. थोरली आणि मधली, दोघी जावा तेव्हा नव्या होत्या आणि दोघींच्याही जिभेला धार होती. थोरलीनं लावलेल्या वेलाचा पहिला भोपळा मधलीनं न विचारता तोडला आणि माहेरी पाठवून दिला. त्यावरून जी जुंपली ती एका घरात दोन चुली पेटेपर्यंत गेली. सासूबाईंनी काही दिवस मूग गिळून सगळं पाहिलं आणि मग एका सकाळी सगळ्यांना परसात उभं करून सांगितलं, की आजपासून ज्यानं लावलं त्यानं तोडायचं नाही. घरच्याच दुसऱ्या कुणीतरी तोडायचं, आणि पहिलं फळ लावणाऱ्याच्या हातावर ठेवायचं. तुझं तुला कुणीतरी दिलं तरच मिळेल. बघू मग कशा भांडता.

आणि खरंच भांडणं विरली. कारण आपले टोमॅटो वेळेवर तुटायला हवे असतील तर दुसऱ्याशी गोड बोलणं भाग होतं. मधल्यानं एकदा सगळ्यांशी अबोला धरला, तर त्याचे मुळे जमिनीतच फुलोऱ्याला येऊन लाकूड झाले, आणि कुणी हात लावला नाही. शिवाय दुसऱ्याच्या वाफ्यावर लक्ष ठेवायची सवय लागली. कुणाचं काय पिकलं हे न सांगता कळू लागलं. सासूबाई गेल्या, सासरे गेले, मधला त्याच्या दुकानाजवळ राहायला गेला, चिमणी लग्न होऊन नदीपलीकडे गेली, तरी थोरला होता तोवर नियम चालला. थोरली लावायची, तो तोडायचा. काकडी तोडून, पायपुसण्यावर पाय झाडून, नळाखाली धुऊन तो तिच्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "घ्या, मालकीणबाई." तो गेल्यावर चिमणी येऊन तोडून नेई. मग चिमणीचे गुडघे धरले. यंदा कुणीच आलं नव्हतं.

थोरलीनं तरी लावलं.

"आई, दार उघडंच टाकून बसतेस?" मागून लेकीचा आवाज आला, आणि थोरलीचे डोळे पुरते उघडले.

लेक रुग्णालयात परिचारिका होती. रात्रपाळी करून थेट आली होती, डोळ्यांखाली काळं होतं. तिच्यामागून काका, काकू आणि आत्या, म्हणजे मधला, मधली आणि चिमणी, एकाच रिक्षातून उतरले होते. चौघांचं आधी बोलणं झालंय हे थोरलीला त्यांच्या आत येण्यावरूनच कळलं. एरवी चिमणी दारातूनच बडबड सुरू करायची. आज ती सगळ्यांत शेवटी, चपला नीट ओळीत लावून आली.

मधला दीर शिंपी. टेप गळ्यात नसेल तर त्याला चुकल्यासारखं व्हायचं, म्हणून तो सणासमारंभालाही टेप घालून जाई. तो आला तो सरळ मागच्या दारात गेला, परसाकडे पाहिलं आणि टेपची दोन टोकं हातात धरून उभा राहिला.

"वहिनी, हे काय झालंय?"

"काय झालंय, भाऊजी?"

"सगळं कुजतंय की."

"कुजत नाही. पिकतंय."

त्यानं मान वळवून पुतणीकडे पाहिलं. मी म्हणत नव्हतो का, असं ते पाहणं होतं. लेक तेवढ्यात ओट्यापाशी गेली होती. तिनं पिशवीत हात घातला आणि एक काकडी बाहेर काढली, हिरवीगार, सरळ.

"आई, ही कुठली?"

"बाजारातली."

"आणि मागे मांडवावर आहेत त्या?"

"त्या आपल्या."

चिमणीला राहवलं नाही. "अगं वहिनी, काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच की," ती हसत म्हणाली. पण पुतणी हसली नाही, तेव्हा तिनंही हसू आवरतं घेतलं. मधली मात्र काकडीकडे बघत राहिली. मग ती हात धुवायला म्हणून न्हाणीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

जेवणं झाली. भात, भाजी, बाजारच्या काकड्यांच्या फोडी. जेवताना सगळे हवापाण्याचं बोलले. ताटं उचलल्यावर मधल्यानं घसा खाकरला.

"वहिनी, स्पष्टच बोलतो. रस्ता रुंद होतोय, त्यात माझं दुकान जातंय. आठ मशिनं आणि त्यावर बसणारी माणसं घेऊन मी कुठं जाऊ? म्हटलं, आपलं मागचं परस आहे. पत्र्याची शेड टाकू. परस राखायचं तुमच्याच्यानं आता होत नाही, ते दिसतंच आहे."

"काय दिसतंय?"

"सगळ्यांना दिसतंय. तुम्ही रागावू नका."

"मी रागावले नाही. काय दिसतंय ते विचारते."

उत्तर लेकीनं दिलं. ती आईच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं आईचं मनगट सवयीनं धरलं, नाडी बघतात तसं. "आई, तुला वाकायला होत नसेल तर त्यात लाज कसली? माझ्याकडे चल. खोली आहे, खिडकी आहे. खिडकीत चार कुंड्या ठेवू. तू इथं मागे पडलीस-बिडलीस तर कुणाला कळायचंसुद्धा नाही. मी रोज कामावर अशी माणसं बघते गं. घरची माणसं येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो."

तिचा आवाज शेवटी हलला. थोरलीला पोरीची दया आली. एवढी काळजी मनात घेऊन ती रात्रभर परक्यांच्या उशाशी उभी राहत होती, हे तिला आजच नीट दिसलं. हो म्हणून टाकावं असं एक क्षण तिच्या मनात आलं. खिडकी, चार कुंड्या, पोरीच्या चेहऱ्यावरची ती रेघ पुसलेली. दुपारच्या त्या सुस्तीत हे सगळं इतकं सोपं वाटलं, की तिनं तोंड उघडलंही.

पण चिमणी आधी बोलली. "दादा, शेड टाकलीस तर विहिरीच्या बाजूचं सगळं जाईल? घेवडा आहे तिथलं?"

"घेवडा आता कोण खातंय?"

"मी खात होते," चिमणी म्हणाली. साठी जवळ आलेली बाई, पण हे बोलताना तिचा आवाज गणवेशातल्या पोरीचा झाला. "तू येताना रिक्षात वेगळं बोललास. म्हणालास, कोपऱ्यात थोडी जागा."

"आठ मशिनं कोपऱ्यात मावतात का? तू मला शिवणकाम शिकवू नकोस."

"मी शिकवत नाही. तू मापं बदलतोस, एवढंच म्हणते."

"आत्या, तू आमच्या बाजूनं होतीस ना?" लेक म्हणाली.

"बाजू कसली गं? मी घेवड्याच्या बाजूनं आहे."

इतक्या तापल्या हवेत हे वाक्य असं काही पडलं की मधलाही नाइलाजानं हसला. थोरलीनं उघडलेलं तोंड मिटलं. थोडं पडू, मग बोलू, असं ठरलं. चिमणी जिथं बसली होती तिथंच कलंडली, मधला टेप छातीवर घेऊन आरामखुर्चीत घोरू लागला, लेक आईच्या पलंगावर लहानपणी झोपायची तशी पोटावर झोपली. घर एकदम शांत झालं. थोरली पुन्हा पायरीवर येऊन बसली.

ऊन कलायला लागलं होतं. वाळक्या शेंगा अधूनमधून वाजत होत्या. तिचे डोळे पुन्हा अर्धे मिटले आणि वाफ्यांमधून कुणीतरी चालताना दिसलं. पदर खोचलेला, हातात वेताची टोपली, वेलाआड वाकलेली बाई. सासूबाई असतील, म्हणून ती गप्प बसून पाहत राहिली. बाई सरळ झाली, कंबरेवर हात ठेवून कण्हली, आणि थोरलीला कळलं की सासूबाई कधी कण्हत नसत. ती मधली होती, खरीखुरी, आणि तिची टोपली अजून रिकामी होती.

"ताई," मधली म्हणाली, "यंदा कुणीच तोडलं नाही का हो?"

"कोण होतं तोडायला?"

मधली वाफ्यातच उभी राहिली. तिनं हात लांब करून एका पिवळ्या काकडीला नुसता टेकवला आणि परत घेतला. "मला पिशवी बघूनच कळलं होतं. सगळी म्हणतायत तुमच्याच्यानं होत नाही. मला माहीत होतं का होत नाही, तरी मी तोंडातून ब्र काढला नाही."

"का गं?"

"काढला असता तर भोपळ्यापर्यंत जावं लागलं असतं. नियम माझ्यामुळे झाला. मला नातवंडं झाली तरी त्याची लाज वाटते." तिनं टोपली दुसऱ्या हातात घेतली. "आणि शेड झाली तर ह्यांचं काम चालेल, हेही मनात होतं. खोटं कशाला बोलू."

थोरलीला तिचं हे खरं बोलणं आवडलं. कित्येक वर्षांत ही जाऊ तिच्याशी इतकं सरळ बोलली नव्हती, आणि तीही जावेशी.

"काकू, कसला नियम?" दारात लेक उभी होती. उशीची घडी गालावर उमटलेली, केस विस्कटलेले. तिच्यामागे चिमणी. चिमणीचा चेहरा बघताच थोरलीला कळलं की तिला आठवलंय. चिमणीनं तोंडावर हात ठेवला होता.

"लावणाऱ्यानं तोडायचं नाही," चिमणी हळूच म्हणाली. "देवा. मी किती महिने आले नाही."

"तो तर आजीचा खेळ होता," लेक म्हणाली. "मी आजीची गाजरं उपटायचे आणि आजी मला हातावर ठेवायला लावायची. आई, तो खेळ होता. तू खरंच, म्हणजे तू एवढं सगळं पिकवून, बाजारातून..." मग ती रागावली, जशी घाबरलेली माणसं रागावतात. "तोडायचं होतंस ना स्वतः. कोण बघायला होतं?"

"कुणी नव्हतं. म्हणूनच."

"आम्हाला एक फोन करायचा होतास, वहिनी," चिमणी म्हणाली.

"काय सांगू फोनवर? काकड्या तोडायला या? सासूबाईंनी कधी कुणाला बोलावलं नाही, चिमणे. ज्याचं लक्ष असतं त्याला दिसतं."

हे बोलून झाल्यावर तिला वाटलं की जरा जास्तच लागलं असावं. पण शब्द तोंडातून सुटले होते. मधला डोळे चोळत दारात येऊन उभा राहिला होता, त्यानंही ते ऐकलं होतं. थोरली आपल्या हातांकडे पाहत राहिली. नखांत पहाटेची माती होती.

"मी तोडलं असतं," ती म्हणाली, "तर एका माणसाचं घर झालं असतं हे. तोडलं नाही तोवर तुम्ही यायचे होतात. आज येतील, उद्या येतील, आठवड्यानं येतील. काकडी पिवळी पडली की वाटायचं, असू दे, खाली दुसरी लागलीय, ती तोडायला येतील. मला वाकता येतं. सगळं करता येतं मला. मी तुमची वाट बघत होते."

मधलीनं डोळ्यांना पदर लावला. लेक पायरीवर आईच्या पायांशी बसली आणि तिनं डोकं आईच्या गुडघ्यावर ठेवलं. थोरलीनं मातीच्याच हातानं तिचे केस मागे सारले.

"मी येईन गं वहिनी," चिमणी म्हणाली. "दर रविवारी येईन. गुडघे गेले खड्ड्यात."

"मी पण येते," मधली म्हणाली. "पाळ्या लावू. एकदा ही, एकदा मी."

"आणि मी रात्रपाळी नसेल तेव्हा," लेक गुडघ्यावरूनच म्हणाली.

थोरलीनं तिघींकडे पाहिलं. तिघी मनापासून बोलत होत्या. आणि तिला हेही ठाऊक होतं, की पहिले दोन रविवार येतील, तिसऱ्याला कुणाचं तरी लग्न निघेल, चौथ्याला पाऊस लागेल, आणि काकडी रविवार बघून पिकत नाही. यात कुणाचा दोष नव्हता. माणसांची आपापली घरं होती. हे तिला आज अचानक, काही न दुखता, कळलं. सासूबाईंनी नियम केला तेव्हा या परसात एकमेकांचा धक्का लागल्याशिवाय चालता येत नव्हतं. भांडणाऱ्या माणसांसाठी केलेला नियम होता तो, एकट्या बाईसाठी नव्हे. आपण सासूबाईंचा शब्द पाळतोय असं ती समजत होती, पण सासूबाई आज असत्या तर त्यांनी आधी ती बाजारची पिशवी हिसकावून घेतली असती.

"भाऊजी," ती म्हणाली.

"बोला, वहिनी." त्यानं नकळत टेप गळ्यातून काढून मुठीत गुंडाळला होता.

"परस मिळायचं नाही. मी असेपर्यंत तरी नाही. पुढच्या दोन खोल्या बंदच असतात. मधली भिंत पाडा आणि बसवा तुमची मशिनं."

"आठ मशिनं एकदम चालली की डोकं उठेल तुमचं."

"उठू दे. फार शांत आहे घर."

मधल्यानं बायकोकडे पाहिलं, मग मान खाली घातली. "उजेड बरा आहे तिथं," तो पुटपुटला. हे त्याचं हो होतं.

"आणि तू, आई?" लेक म्हणाली. "तू येणार नाहीस ना माझ्याकडे?"

"येईन की. चार दिवस राहायला येईन, भाजी घेऊन येईन. राहायला म्हणजे चार दिवसच, कायमची नव्हे." ती उठली. पोरीचं डोकं तिनं हलकेच बाजूला केलं. "तू काळजी कर. परिचारिकेनं काळजी करायचीच. पण माझी नाडी अशी जेवण झाल्याझाल्या बघत जाऊ नकोस."

ती वाफ्यात उतरली. मधली टोपली घेऊन पुढे झाली. "थांबा ताई, मी तोडते. पहिली तुमच्या हातावर ठेवते. एवढं तरी करू द्या मला."

थोरलीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. क्षणभर दोघी जावा मांडवाखाली तशाच उभ्या राहिल्या. मग थोरलीनं तिला बाजूला केलं, मायेनंच, पण केलं.

पिवळ्या, पोट सुटलेल्या काकड्या तिनं सोडून दिल्या. पानं वर करून ती आत वाकली आणि शोधत राहिली, इतका वेळ की चिमणीनं काय झालं म्हणून विचारलं. एका मोठ्या पानाखाली एक कोवळी होती, अंगावर अजून लव असलेली. काकडी या घरात नेहमी तीच लावायची. इतक्या वर्षांत तिनं या वेलांना हजारदा हात लावला होता, पण देठ पिरगाळायचा कसा ते तिला नीट येत नव्हतं. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदा तिनं जोर केला आणि काकडी तिच्या हातात आली. वेल मागे झोका घेऊन थांबला.

ती गरम होती. हे तिला माहीतच नव्हतं. तिच्या हातावर काकडी नेहमी नळाखालून धुऊन, थंड होऊन आलेली असे. तिला वाटत आलं होतं की काकडी थंडच असते. हिच्या अंगात दिवसभराचं ऊन होतं.

तिनं ती पदराला पुसली आणि तिथंच उभ्या उभ्या खाल्ली. मांडवाबाहेर चौघं जण उभे राहून तिच्याकडे बघत होते. तिचे डोळे भरून आले होते, तरी ती चावत राहिली, शेवटपर्यंत, देठाजवळच्या कडसर तुकड्यासकट.

मग ती पुन्हा वाकली आणि तिनं दुसरी तोडली. चिमणीनं सवयीनं हात पुढे केला. थोरलीनं तो पाहिला, आणि ती दुसरीही स्वतःच खाल्ली.